बेण्याचा ढीग

पहाटे ४:३०

हळद शिजवणारा कुकरवाला "सहाला येतो" म्हणाला की साडेपाचलाच आखाड्यावर ट्रॅक्टर उभा करतो, हे मागच्या चार हंगामांत कळलंय. म्हणून मी साडेचारला उठते. मार्चचा दुसरा आठवडा आहे. पहाटे अजून चादर ओढावी लागते आणि दुपारी डोक्यावरचा पदर तापतो. आज हळद शिजवायचा दुसरा दिवस, आणि आजच लेकीचा दहावीचा विज्ञानाचा पहिला पेपर. वेळापत्रक हातात पडलं तेव्हाच दोन्ही एका दिवशी येणार हे दिसलं होतं. खणून काढलेली हळद रानात पडून राहू देता येत नाही आणि बोर्डाला तर आमच्या रानाची खबरच नाही.

चूल पेटवली, पाणी ठेवलं, ज्वारीचं पीठ काढलं. आज बारा बाया आहेत आणि कुकरवर दोघं. बाया आपापली भाकर बांधून आणतात, पण शिजवणीच्या दिवशी कालवण आपल्या घरचं द्यायचं ही आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, रीत. सासऱ्यांच्या काळापासून ती चालत आली आहे आणि मलाही ती आवडते. वांग्याचं कालवण टाकलं. आतल्या खोलीत लेकीचा दिवा लागलेला होता. तिच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. भाकरी थापताना मला केप्लरचे तीन नियम ऐकू येत होते. एक नियम ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला होता. तिच्याकडे नोकरी आहे, घर आहे, मुलं शिकताहेत. तरी म्हणाली, "पुढे काही चांगलं होईल असं वाटतच नाही गं. सकाळी उठावंसं वाटत नाही. तुमच्याकडे तर एवढ्या अडचणी, तुम्ही कसं निभावता?" मी गडबडले. "बरं चाललंय" एवढंच म्हणाले. मी टाळलं असं तिला वाटलं असेल. टाळलं नव्हतं, खरंच बरं चाललंय. पण ते कसं, हे फोनवर सांगता येईना. म्हणून आजचा दिवस जसा जाईल तसा लिहून तिला पाठवायचा असं ठरवलं.

५:४५

आखाडा म्हणजे आमचं रानातलं ठिकाण, गावापासून दीड किलोमीटरवर. साडेचार एकर रान, त्यातली दीड एकर हळद. मी पोचले तेव्हा टाकीखाली जाळ लागला होता.

कुकर म्हणजे मधोमध पाण्याची टाकी आणि भोवती चार उभे ड्रम. टाकीखाली पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं जाळायची, वाफ नळ्यांतून ड्रमांत जाते आणि हळद वाफेवर शिजते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे कढईत शिजवायचे. भलीमोठी लोखंडी कढई, हळदीवर हळदीचाच पाला, त्यावर ओली पोती, आणि कडेने चिखल लावून वाफ कोंडायची. एक कढई उतरायला तासभर तरी जायचा आणि रात्र रात्र जागरण व्हायचं. आता ड्रम अर्ध्या तासात होतो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एक रात्र त्या कढईपाशी काढून पाहावी. सासऱ्यांच्या हातांवर भाजल्याचे डाग शेवटपर्यंत होते.

पण शिजली की नाही हे अजूनही हातालाच कळतं. कच्ची राहिली तर आत पांढुरकी राहते आणि साठवणीत कीड धरते. जास्त शिजली तर रंग मरतो. ड्रममधलं एक हळकुंड उचलायचं आणि त्यात तुराटीची बारीक काडी घालायची. काडी आरपार जायला हवी, पण हळकुंडाचा लगदा व्हायला नको. कुकरवरचा पोरगा वीस-बावीस वर्षांचा आहे, हातात घड्याळ आहे, खिशात मोबाइल आहे. तरी पहिला ड्रम झाला की हाक मारतो, "वैनी, बघा बरं." मी काडी घालते. ती लोण्यातून गेल्यासारखी गेली की मान हलवते आणि ड्रम रिकामा होतो. त्या क्षणी जे वाटतं त्याला समाधान याच्याशिवाय दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आजच्या दिवसात ते तीस-चाळीस वेळा वाटणार आहे.

याच वेळेला, २१ मार्च २०२४ ला, सकाळी सहा वाजून गेल्यावर जमिनीने अंग झाडलं होतं. ४.५ रिश्टरचा धक्का, आणि दहा-अकरा मिनिटांनी आणखी एक. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरीच्या गावांना जमिनीचे आवाज नवे नाहीत. पांगरा शिंदेचे लोक तर भूगर्भातून येणारा गडगडाट वर्षानुवर्षं ऐकत आलेत. पण त्या सकाळी शेडचे पत्रे वाजले, बैलांनी दावी ओढली, आणि आम्ही सगळे उघड्या रानात जाऊन उभे राहिलो. दुसरा धक्का बसला तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग आत्याबाईच म्हणाल्या, "ड्रम उतरवा रे बाबांनो, हळद जास्त शिजायलीय." आम्ही वळलो आणि ड्रम उतरवला. त्या दिवशीची हळद चांगल्या रंगाची निघाली होती.

९:००

यांनी मोटारसायकलवर लेकीला घेतलं आणि परीक्षा केंद्राला जाताना आखाड्यावर थांबले. अकराचा पेपर, पण साडेदहाला आत घेतात. मी धावत गेले. दही-साखर डब्यात ठेवली होती, ती चमच्याने तिच्या तोंडात घातली. हॉल तिकीट आहे का, पेनं किती, पाण्याची बाटली? तिने हॉल तिकीट दाखवायला पुढे केलं आणि मी ते धरलं. प्लास्टिकच्या कव्हरवर माझा पिवळा अंगठा उमटला. ती म्हणाली, "आई!" मी पदराने पुसायला गेले तर आणखी पसरलं. मग हसली आणि तसंच ठेवून दिलं.

हळदीच्या हंगामात आमचे हात महिना-दीड महिना पिवळे असतात. साबणाने जात नाहीत. बाजारात, बँकेत, दवाखान्यात गेलं की काउंटरवरचा माणूस हातांकडे बघून विचारतो, "वसमतकडच्या का?" पूर्वी मी हात पदराखाली घ्यायचे. कधीपासून घेणं बंद केलं ते आठवत नाही.

१०:३०

आता बेणं निवडायचं. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

हळदीचं झुडूप उपटलं की मधोमध जाड गड्डा असतो, आमच्या बाजारात त्याला गट्टू म्हणतात, आणि त्याला फुटलेल्या बोटांना कांड्या. बाया रानात ओळीने बसून कांड्या मोडतात, गट्टू एकीकडे, कांड्या दुसरीकडे, कारण दोन्ही वेगवेगळ्या शिजवाव्या लागतात. या सगळ्यातून सगळ्यात चांगले जेठे गड्डे मी वेगळे काढते. पन्नास ग्रॅमच्या वर भरणारे, डोळे टपोरे, कुजका डाग नाही, कंदमाशीचं भोक नाही. मुळ्या छाटायच्या, माती झाडायची आणि शेडखालच्या ढिगात नेऊन टाकायचे. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं, म्हणजे दीड एकराला पंधरा क्विंटल. खाली कोरडी जागा, वर हळदीचाच वाळलेला पाला, आणि मेच्या शेवटापर्यंत ढिगाला हात लावायचा नाही. तोवर डोळ्यांना कोंब येतात. अक्षय तृतीया झाली की लोक गादीवाफे करायला घेतात आणि कोंब आले की लावणी सुरू होते.

ऐकायला सोपं आहे. करताना मात्र दरवर्षी पोटात तुटतं, कारण हा ढीग आमच्या मालातला सगळ्यात देखणा माल असतो. गरज पडली तर लगेच पैसा होतो. बेणं घ्यायला लोक दारात येतात.

२०१५ चा पावसाळा कोरडा गेला. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना मी वेगळं काय सांगणार! आमच्या विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला होता. पूर्णेच्या कालव्याला पाणी नव्हतं, येलदरी-सिद्धेश्वरच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. जी थोडी हळद निघाली त्यातून दहा क्विंटल बेणं राखलं होतं. एप्रिलमध्ये एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि आम्ही ते विकलं. पैशांची नड होती, हे खरं आहे. पण नड आधीही होती. खरं म्हणजे आम्ही दोघांनी मनात ठरवून टाकलं होतं की आता पुढे काही नाही. "लावायला पाणी कुठंय?" असं हे म्हणाले आणि मी मान हलवली. टेम्पो गेल्यावर मी शेड झाडून काढलं. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. रागावल्या नव्हत्या. नुसत्या रिकाम्या शेडकडे बघत बसल्या होत्या.

आणि २०१६ ला पाऊस चांगला झाला. मराठवाडाभर झाला. ओढे वाहिले, विहिरी भरल्या, शेजारच्या रानांत गादीवाफे पडले. आमच्याकडे लावायला काही नव्हतं. जूनमध्ये धावपळ करून लांबून बेणं आणलं, ते महाग पडलं, आणि त्यात कंदकुज निघाली. ऑगस्टमध्ये निम्मं रान पिवळं पडलं. दुष्काळाने आमचं एक पीक नेलं, दुसरं आम्ही आपल्या हाताने घालवलं. हे मी इतक्या वर्षांत कुणाला मोकळेपणी सांगितलं नव्हतं. मावसबहिणीला सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

आशा म्हणजे पुढे सगळं चांगलंच होणार असं धरून चालणं, असं मला पूर्वी वाटायचं. आणि मराठवाड्यात असं धरून चालणारं माणूस मला भाबडं वाटायचं. आता मी आशेला मनातली गोष्ट मानतच नाही. आमच्या घरात ती शेडखाली असते, पंधरा क्विंटल. ढीग बघताना मला पाऊस दिसत नाही, भावही दिसत नाही. मन उदास असेल त्या दिवशीही गड्डे निवडता येतात, मुळ्या छाटता येतात. गेल्या वर्षी आईचं दिवसकार्य करून आले आणि दुसऱ्या दिवशी बेणं निवडायला बसले. हाताला काम येत होतं. दोन तासांनी लक्षात आलं की मी जूनचा विचार करते आहे, नवीन ठिबकच्या नळ्या कुठे टाकायच्या याचा.

एक गड्डा सुरेख दिसत होता, पण खालच्या बाजूला बोट दाबलं तर मऊ लागला. शिजवणीच्या ढिगात टाकला.

१:३०

पेपर १:१० ला सुटला असेल. यांचा फोन लागला नाही.

बाया लिंबाखाली जेवायला बसल्या. कालवण, ठेचा, ओल्या हळदीचं लोणचं. त्या लोणच्याची चव मार्चमध्येच. मुळ्या छाटताना एका काकूंच्या बोटाला विळा लागला होता. त्यांनी काय लावलं असेल हे सांगायला नको, समोर ढीग पडला होता. बांधून घेतलं आणि जेवायला बसल्या. मी त्यांना माशेलकरांची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीचं पेटंट दोघा शास्त्रज्ञांना मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि छापील पुरावे उभे करून त्यांच्या संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. काकूंनी घास थांबवून विचारलं, "म्हणजे आपल्याला हळद लावायला त्यांना इचारावं लागलं असतं?" तसं थेट नाही, पण ही आपली विद्या आहे हे कागदावर सिद्ध करावं लागलं. त्या बराच वेळ बोटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मपल्या मायला हे म्हाईत असतं तर किती हसली असती."

कुकरवरच्या पोराने मोबाइलवर भाव वाचून दाखवला. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डाचा आणि वसमतचा, दोन्ही. कालच्यापेक्षा उतरला होता. सगळे गप्प झाले. भावाचं मला वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. या हळदीतून बँकेचं जायचं आहे, लेकीच्या अकरावीचं जायचं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आलं. या गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यातून चार पैसे शेतकऱ्याच्या हातात जास्त पडावेत अशी माझी मागणीही आहे. पण सकाळी भाव बघून दिवस कसा जाणार हे ठरवायचं, ही सवय मी सोडली. भाव संध्याकाळी बघते, काम झाल्यावर. आज दुपारी कानावर पडलाच.

३:४०

पश्चिमेकडून काळं आलं.

मोबाइलवर सकाळीच इशारा होता, विजांसह पाऊस. मार्चमधला अवकाळी हळदीचा वैरी. शिजवून पसरलेली हळद भिजली की रंग जातो आणि बुरशी धरते. वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि कालची हळद अजून आतून ओली होती. वारा सुटला तसा धुरळा उठला. बाया विचारायला थांबल्या नाहीत. मोडणी टाकून सगळ्या खळ्याकडे पळाल्या. दोघी फावड्याने ढीग करायच्या, चौघी ताडपत्री ओढायच्या, बाकीच्या कडेला दगड ठेवायच्या. बोटाला चिंधी बांधलेल्या काकू सगळ्यांत पुढे. तेवढ्यात मोटारसायकल आली. लेकीने दप्तर शेडमध्ये फेकलं, ओढणी कमरेला बांधली आणि ताडपत्रीचं टोक धरलं.

"पेपर कसा गेला?" मी ओरडले.

"बरा! आधी हे धर!"

पाऊस वीस मिनिटं पडला. थेंब मोठे होते, गारा आल्या नाहीत. आम्ही सगळ्या शेडखाली बेण्याच्या ढिगाला टेकून उभ्या होतो, एकमेकींच्या अंगाला अंग लावून. कुणी जोरात बोलत नव्हतं. पत्र्यावरचा आवाज कमी कमी होत गेला. ताडपत्रीची एक कडा वाऱ्याने उचलली होती, तिथली दीड-दोन पोती हळद भिजली. बाकीची वाचली. ऊन पडल्यावर भिजलेली वेगळी पसरली. तिला रंग कमी येईल, भाव कमी मिळेल. मोडणीच्या कामाचा तास गेला तो बायांनी न सांगता वाढवून दिला. मी त्या तासाचे पैसे जास्तीचे धरले. हिशेबाच्या वहीत ते लिहिलं, पण त्यांनी केलं त्याला वहीत रकाना नाही.

५:३०

बाया गेल्या. कुकर थंड व्हायला ठेवला. लेक आणि मी खळ्यावर हळद हाताने उलथत होतो. वाळत आलेलं हळकुंड मोडलं की खट्ट असा आवाज येतो. तो आला की आतलं पाणी गेलं. ती एकेक मोडून कानाशी धरत होती.

तिच्या विज्ञानाचा विषय निघाला की दुधाळा येतंच. ते आमच्या इथून जवळ आहे, औंढा नागनाथच्या पुढे. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा होणार आहे. आमच्याकडे सगळे लिगो म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, सव्वाशे कोटी वर्षांहून आधी, आणि त्या आदळण्याची लहर त्या दिवशी पृथ्वीवरून गेली. ही बातमी फेब्रुवारी २०१६ मध्ये जगाला कळली आणि त्याच महिन्यात भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आत हवा नाही, फक्त लेझरचा किरण. लहर गेली की नळीची लांबी बदलते, ती प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकी. हे सगळं मला लेकीने शिकवलं. तिला शाळेत सरांनी.

तिने सरांना विचारलं होतं की आमच्याकडे जमीन हलते, मग एवढं नाजूक यंत्र कसं चालेल. सर म्हणाले, आरसे जमिनीवर ठेवत नाहीत, एकाखाली एक अशा लोलकांना टांगतात. जमीन थरथरली तरी ते शांत राहावेत म्हणून. ही टांगायची युक्ती लेकीला इतकी आवडली की तिने पाळण्याच्या दोरीला लाटणं बांधून करून बघितली होती.

मला या प्रकल्पाचं आणखी एक आवडतं. २०१६ ला, म्हणजे आम्ही बेणं विकलं त्याच वर्षी, याच तालुक्यांच्या शिवारात शास्त्रज्ञ चार किलोमीटरच्या नळीची स्वप्नं बघत होते. यंत्र सुरू व्हायला २०३० उजाडेल असं सांगतात. ज्यांनी पहिली कागदपत्रं केली त्यांतले कितीतरी लोक तोवर निवृत्त झालेले असतील. तरी त्यांनी कामाला हात घातला. जमिनी मोजल्या, परवानग्या मागितल्या, शाळांत जाऊन पोरांना लहर म्हणजे काय हे सांगितलं. त्या पोरांतलंच एक आता माझ्याशेजारी बसून हळकुंडाचा आवाज ऐकत होतं.

"तिथं काम मिळेल का गं मला?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"भाग एक बरा गेलाय. परवा भाग दोन आहे." आणि तिने पुढचं हळकुंड उचललं. तिच्या बोटांनाही पिवळा रंग लागला होता.

७:३०

घरी आले तेव्हा मारुतीच्या देवळात हरिपाठ चालू होता. भोंग्यावरून आवाज घरापर्यंत येतो. हे रोज जातात. आत्याबाईंचे गुडघे धरल्यापासून त्या ओट्यावर बसून ऐकतात. मी भाजी निवडते आणि ऐकते.

नर्सी आमच्यापासून लांब नाही. कयाधूच्या काठावरचं गाव, नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून सगळा जिल्हा तिथे नमस्कार करतो. आषाढी करून परत आलेले वारकरी परतवारीला नर्सीला जातात. आत्याबाईंनी अठरा परतवाऱ्या केल्या. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याहून शीख यात्रेकरूंच्या गाड्याही नर्सीला येतात, कारण नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. लहानपणी मला वाटायचं, शिंपीकाम करणारा आपल्याकडचा माणूस पंजाबपर्यंत कसा पोचला असेल. आता वाटतं, काम करणाऱ्याला काम करणारे ओळखतात.

गुरू ग्रंथ साहिबात कबीरांच्या श्लोकांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन यांचं बोलणं येतं. त्रिलोचन विचारतात, अरे नामदेवा, तू कापडाचा धंदा काय करत बसलास, देवाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव सांगतात की हातपाय कामाला लावायचे आणि चित्त देवापाशी ठेवायचं. हे मला एका कीर्तनात ऐकायला मिळालं आणि मग मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांना शाळेचं तोंड माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग काय तर. हात रिकामा असल्यावर चित्त कुठं बसंल?" मला ते नामदेवांचंच बोलणं वाटलं, दुसऱ्या बाजूने सांगितलेलं. मावसबहिणीला लिहिताना हे कसं लिहावं याचा विचार करत होते. तिच्या हाताला काम आहेच की, माझ्यापेक्षा जास्त. सकाळी नऊ ते रात्री आठ. पण तिने एकदा सांगितलं होतं की दिवसभर ती जे करते ते शेवटी कुठे जाऊन पोचतं, हे तिला कधी दिसत नाही. माझी काडी आरपार जाते ती मला दिसते. यात माझी काही थोरवी नाही, धंदाच तसा आहे. तिला असं काही बोटाला लागणारं, डोळ्याला दिसणारं काम मिळावं, दिवसातून अर्धा तास का होईना. परसात लावायला मी तिला पाच गड्डे पाठवणार आहे. कुंडीतही हळद येते.

९:३०

हे आखाड्यावर राखणीला झोपतात. त्यांचा डबा घेऊन मी आणि लेक निघालो. पावसाने धुरळा बसला होता, रान थंड होतं. आकाश धुऊन निघाल्यासारखं. लेक चालता चालता वर बघत होती आणि दोनदा ठेचकाळली.

यांनी आधी लेकीला पेपरचं सगळं पुन्हा विचारलं, कुठला प्रश्न सोडला, कुठला शेवटी लिहिला. मग भाव विचारला. मी सांगितला. "हूं" म्हणाले आणि भाकर मोडली. थोड्या वेळाने म्हणाले, "खालच्या वावरात औंदा हळद अर्धा एकर वाढवू का? बेणं पुरंल का?"

"वीस क्विंटल लागंल मग. उद्या अजून निवडते."

मी शेडमध्ये गेले. दुपारच्या पावसाचं पाणी पत्र्याच्या फटीतून ढिगावर आलं असेल ही शंका संध्याकाळपासून मनात होती. लेकीने टॉर्च धरला. वरचा पाला ओलसर होता, तो काढून बाजूला केला. त्याखालचा पाला कोरडा. हात ढिगात कोपरापर्यंत घातला. आत गार होतं, कोरडं होतं, आणि ओल्या मातीचा तो वास होता. चार गड्डे वर काढून टॉर्चखाली फिरवून पाहिले. डोळे टपोरे, एकही मऊ नाही. परत ठेवले आणि वरून कोरडा पाला नीट पसरला, कडा दाबून घेतल्या.

"आई, उद्या पण साडेचारलाच उठव मला," लेक टॉर्च बंद करताना म्हणाली. "भाग दोनचे पाच धडे राहिलेत."